नानांच्या वाटीतली तर्री

...नाही, तेच तर म्हणतोय मी! जो उठतो तो मला सांगतो, 'त्यात काय एवढं प्रेमराज, तेल कमी टाकायचं, झालं!' झालं? काय झालं? तुम्ही कधी करून बघितलंय का? अहो, तेल कमी टाकलं की तो रस्सा राहतो का? तिखट पाणी होतं त्याचं, नुसतं तिखट पाणी, आणि त्यात बेसनाच्या पाटोड्या बिचाऱ्या तळाला जाऊन बसतात, वर यायची लाज वाटते त्यांना! तुम्हाला सांगतो, पंचवीस वर्षं झाली मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सहायक म्हणून, ॲसिडच्या बाटल्या उचलल्या, पोरींनी किंचाळून टाकलेल्या परीक्षानळ्यांच्या काचा वेचल्या, त्या सडक्या अंड्यांच्या वासात बसून डबा खाल्ला, पण हातून कधी थेंब सांडला नाही. आणि त्या सहा दिवसांत धुळ्याच्या देवपुरातल्या माझ्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या ओट्यापुढे उभा राहून पळीपळीला सांडत होतो! का? तर रस्सा हलका करायचाय. तुम्हाला सांगतो, रस्सा हलका करणं म्हणजे खायचं काम नाही!

थांबा, नीट सांगतो. नानांपासून सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस वाटीभर रश्शासाठी एवढा का बोंबलतोय.

नाना म्हणजे आमचे थोरले भाऊ. नाव वना. पण साक्रीच्या पलीकडे आमच्या गावात त्यांना वना म्हणणारं आता कोणी राहिलं नाही, लहानथोर बठ्ठे, म्हणजे सगळे, नानाच म्हणतात. शेती आहे, बैलं होती, आता ट्रॅक्टर आहे, ते सगळं आहेच, पण ओळख कशाची? रश्शाची! कोणाचं लग्न असो, भंडारा असो, जावळं असोत, कढई चढली की कढईपुढे नाना. हौस हो, दुसरं काय! आणि चव बघणार नाहीत. कधीच नाही! 'चाखस तो शिकाऊ,' म्हणायचे. मग कळायचं कसं? तर ऐकून. हो, ऐकून! पळी भरायची, हातभर वर न्यायची, वरून कढईत धार सोडायची आणि कान असा तिरपा करायचा. पातळ रस्सा बडबड करतो, दाट रस्सा गुपचूप पडतो. हा झाला पहिला पेपर. दुसरा पेपर तर्रीचा. आता तुमच्यात कोणी पुण्याकडचं असेल तर सांगतो, तर्री म्हणजे रश्शावर तरंगतं ते लालभडक तेल, आमच्याकडे ते दिसलं नाही तर पाहुणा समजतो की आपल्याला ऊठ म्हणतायत. तर नाना वाटी घ्यायचे, भाकरीच्या कडेनं ती तर्री मधोमध चिरायची आणि बघत बसायचं... परत येऊन मिटली, तर रस्सा. नाही मिटली, तर आचाऱ्याकडे एकदा नुसतं बघायचे. तो आचारी पुढच्या हंगामात त्या गावात दिसायचा नाही.

असा माणूस! आणि पाच महिन्यांपूर्वी त्यांच्या छातीत कळ आली. शेतात, बांधावर. धुळ्याला आणलं, मीच होतो बरोबर, गाडीत त्यांनी माझा हात धरला होता आणि तो हात घामानं असा भिजलेला... जाऊ द्या. दोन स्प्रिंगा बसवल्या. डॉक्टर म्हणाले, वाचले, पण आता तेल दिवसाला चमचाभरच, खोबरं बंद, शेंगदाणे बंद, मीठ बेताचं. आमच्या सुंदरवहिनी, डॉक्टर एक म्हणाले तर यांनी दीड केलं! नानांसाठी वेगळं पातेलं आणलं, त्यात उकडलेला दोडका, उकडलेला दुधी, मुगाचं पाणी, आणि ते ताट नेऊन ठेवायचं खाटेवर. नाना दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. दोन घास! जो माणूस पंगत उठल्यावर कढईच्या तळाला भाकर पुसून खायचा, तो! अकरा किलो उतरले. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, बोलणं बंद. दुसऱ्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, 'स्प्रिंगा छान आहेत हो, पण पेशंट जेवलाच नाही तर मी काय करू? इंजेक्शननं भूक देता येत नाही.' वहिनी रोज संध्याकाळी फोनवर रडायच्या. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. कळ आली तेव्हा घाबरलो नव्हतो एवढा आता घाबरलो होतो, कारण आता नाना स्वतःच सोडून देत होते.

आणि अशात सोमवारी फोन. नानांचा! स्वतःचा! 'प्रेमराज, मी रविवारले ई राहनू. घरना बठ्ठास्ले लई येस. काही करू नको, साधंच करजो... पाटोडीना रस्सा, नि कळण्यानी भाकर.' रविवारी सगळ्यांना घेऊन येणार, रस्सा आणि ज्वारी-उडदाची भाकर पाहिजे, बास. ठेवला. दोन महिन्यांत माणसानं पहिल्यांदा तोंडानं काहीतरी मागितलं हो! मी स्वयंपाकघरात जाऊन सुलक्षणाला, आमच्या मिसेसना, दोनदा सांगितलं. आणि चार मिनिटं... चार सुद्धा नाही, तीन मिनिटांनी दुसरा फोन. वहिनी! बारीक आवाजात, गोठ्यात जाऊन केला असणार. 'प्रेमराजभाऊ, त्यास्नी तुम्हले रस्सा सांगा ना? करा. नही म्हनू नका. पन तेल नको, खोबरं नको, सांगी ठेवस! काही झायं ते मी तुम्हनं नाव लेसू!'

आता सांगा! एकीकडे रस्सा नाही केला तर नाना भिंतीकडे वळणार ते कायमचे, दुसरीकडे रस्सा केला तर वहिनी माझं नाव घेणार, आणि ते नाव त्या साक्री तालुक्यातल्या प्रत्येक ओट्यावर घेणार! इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि मध्ये मी, हातात पळी! नानांनी पोटभर जेवलं पाहिजे आणि नानांना काही होता कामा नये. एवढंच. ऐकायला एवढंच! अहो, रस्सा हलका करणं म्हणजे खायचं काम नाही!

मंगळवारी आमची मेघा म्हणाली, 'पप्पा, टेन्शन कशाला घेता, मोबाइलवर सगळं असतं.' दाखवलं तिनं. एक बाई, मागे पांढरंशुभ्र स्वयंपाकघर, ओट्यावर एक डाग नाही, 'हाय फ्रेंड्स! फ्रेंड्स येणारेत घरी? आणि सूप खूप हेवी होतंय? डोन्ट वरी! क्रीम काढून टाका, आणि त्याच्या जागी घाला फक्त एक कप दूध!' आणि चमचा तोंडात घालून डोळे मिटले तिनं. मी म्हटलं, दाट सूप काय आणि दाट रस्सा काय, तत्त्व एकच! सायन्सचा माणूस ना मी! खोबरं वगळलं, काळा मसाला टाकला, उकळी आली, वरून कपभर दूध ओतलं आणि तुम्हाला सांगतो... फाटलं. नुसतं फाटलं नाही, फुटीर झालं! एका बाजूला काळं पाणी, एका बाजूला पांढऱ्या गुठळ्या, दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. सुलक्षणा दारात उभी. तिनं पातेलं उचललं आणि घासायला टाकलं.

बुधवारी ओट्स! तीच बाई. 'फ्रेंड्स, थिक हवंय पण फॅट नकोय? ओट्स!' घातले. दाट झालं हो, झालं नाही असं नाही, एवढं दाट झालं की मी पळी सोडली तर ती उभीच राहिली! निवडणुकीत पोस्टरं चिकटवायला खळ करतात ना, ती ही. मी नानांसारखी पळी वर नेली, धार सोडायला... धार सुटेना! पळी उलटी केली, तरी सुटेना! ऐकणार काय, डोंबल? सुलक्षणा म्हणाली, 'अहो, याचा आवाज खाल्ल्यावर येईल.' माझा जीव जातोय आणि हिला विनोद सुचतायत!

गुरुवारी मी मोबाइल मेघाला परत दिला आणि म्हटलं, प्रेमराज, तू कोणाचा भाऊ? लहानपणी कढईपुढे लाकडं कोण सारायचं? जरा डोकं चालव. कॉलेजातून येताना दुधी आणला, कोवळा. फुटाणे आणले. कांदे सरळ गॅसच्या जाळावर धरले, तेलाचा थेंब नाही, काळेकुट्ट होईपर्यंत, लसणाचे अख्खे गड्डे तसेच भाजले, काळा मसाला कोरड्या तव्यावर टाकला... आणि तिथे चुकलं, जाळ मोठा राहिला. खालच्या मजल्यावरून खोकल्याचा आवाज आला, मग वरच्या, मग समोरच्या बिल्डिंगमधल्या आजी खिडकीत येऊन पदर नाकाला लावून ओरडल्या, 'काय जाळी राहिनात रे?' पण दुसऱ्यांदा जमलं. उकडलेला दुधी आणि फुटाणे मिक्सरला लोण्यासारखे फिरवले, तो वाटलेला काळा कांदा-लसूण, मसाला, वरून कढत पाणी, आणि ठेवला मंद आचेवर. तासाभरानं पळी भरली. हातभर वर नेली. कान तिरपा केला. सुलक्षणा आली, 'काय ऐकताय?' मी म्हटलं, 'गप!' सोडली धार...

गुपचूप पडला! आवाज नाही! अहो, मी परत पळी भरली, परत सोडली, सुलक्षणालाही ऐकवली!

पण तर्री? दुसरा पेपर राहिलाच की! शुक्रवारी मी प्रयोगशाळेतून नवाकोरा ड्रॉपर आणला, ज्यात मुलं थेंब मोजतात तो. कढत तेलात तिखट टाकून उतरवलं, आणि वाटीभर रश्शावर थेंब सोडायला लागलो. दहा थेंब, लाल ठिपके दिसतात, पण कांजिण्या आल्यासारखे. वीस थेंब, पसरलं, सगळी वाटी लाल! पण भाकरीनं चिरलं की फाटायचं आणि तसंच राहायचं, मिटायचं नाही. तीस. नाही. पस्तीस. जरा सरकल्यासारखं... नाही. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस! चिरलं. थांबलो. श्वास धरला. ती एका बाजूनं हळूच सरकली, दुसऱ्या बाजूनं सरकली, आणि मिटली! मेघानं मोबाइलवर हिशेब लावला, चाळीस थेंब म्हणजे अर्धा चमचासुद्धा नाही, डॉक्टरांनी दिवसाला दिलंय त्यापेक्षाही कमी. मी म्हटलं, जिंकलो! दिसायला भंडाऱ्याचा रस्सा, पोटात दुधी! आणि इथे, इथेच माणसानं थांबायला पाहिजे होतं. पण तुम्हाला सांगतो, घर म्हटल्यावर थांबता येतं का?

शनिवारी सुलक्षणा म्हणाली, 'ठीक आहे, नानांना हा. पण बाकीचे नऊजण? त्यांना दुधी पाजणार? रुपचंदमामा येणारेत! उद्या म्हणतील, प्रेमराज धुळ्याला गेला नि तेल मोजून टाकायला शिकला.' आता रुपचंदमामांचं तोंड कसं आहे ते मला माहीत, त्यांनी एकदा एका लग्नातल्या फिक्या रश्शाची गोष्ट सांगायला घेतली होती, ते लग्न झालेल्या जोडप्याला नातवंडं झाली तरी सांगतायत! मी म्हटलं बरं. दोन पातेली. एकात नानांचा, हलका. दुसऱ्यात असली, खोबरं, शेंगदाणे, तेल, सगळं. गोंधळ नको म्हणून लॅबच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, 'अ' आणि 'ब'. अ असली, ब भावाचा. मेघाला दोनदा वाचून दाखवलं, सुलक्षणाकडून तीनदा म्हणून घेतलं. चूक व्हायला जागाच ठेवली नाही मी. जागाच नाही!

रविवार. साडेबाराला क्रूझर गाडी आली. नाना उतरले, आणि मी दारातच थबकलो हो. सदरा खांद्यावरून लोंबत होता. मागच्या वर्षी याच सदऱ्याची बटणं तट्ट बसायची. पण उंबऱ्यात पाय ठेवला आणि नाकपुड्या अशा हलल्या त्यांच्या, एकदाच. काळा कांदा! मी सुलक्षणाकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं. पंगत मांडली होती हॉलमध्ये, दोन चादरी समोरासमोर. रुपचंदमामा बसले, वहिनी बसल्या, त्या अशा बसल्या की स्वयंपाकघराचं दार समोर पडेल, पोरंसोरं बसली, आणि नाना... नाना बसलेच नाहीत. सरळ चालत स्वयंपाकघरात!

मी तिथे ब पातेल्यापुढे, हातात ड्रॉपर! काय करू? खिशात टाकला. शर्टाच्या खिशात, लाल तेलानं भरलेला, आणि तो ठिबकायला लागला. नाना म्हणाले, 'सरक. वाढस मी.' अहो, चाळीस वर्षं पंगतीला वाढणारा माणूस, त्याला ताटावर बस म्हणून सांगायचं कोणी? मी म्हटलं, 'नाना, तू बस, आज तू पाहुणा...' ऐकतायत कुठे! त्यांची नजर पातेल्यांवर. 'दोन कसाले?' मी म्हटलं, 'जास्तीचा... म्हणजे पुरवठ्याला...' माझा खिसा लाल होत चालला होता. त्यांनी पळी घेतली. ब मध्ये बुडवली. हातभर वर नेली. कान तिरपा केला. तुम्हाला सांगतो, दहावीचा निकाल ऐकताना नव्हतं एवढं काळीज धडधडत होतं माझं! सोडली धार. गुपचूप! नानांनी मान हलवली. मग अ. तोही गुपचूप. मग नाना त्या दोन पातेल्यांकडे बघत राहिले, चिठ्ठ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, माझ्या खिशाकडे... आणि काय केलं असेल त्यांनी?

अ उचललं आणि ब मध्ये ओतलं!

सगळं! एका दमात! पळीनं खालवर केलं आणि म्हणाले, 'पंगतम्हा दोन चवी चालत नही. एक पंगत, एक रस्सा.' आता हा नियम त्यांचाच हो, आम्ही लहानपणापासून बघतोय, भंडाऱ्यात चार कढया झाल्या तर चारही एकमेकांत मिसळल्याशिवाय पहिली वाटी भरायची नाही, नाहीतर पाटलाला दाट आणि मजुराला पातळ असं होतं. चांगला नियम आहे! सोन्यासारखा नियम! पण माझे चाळीस थेंब? माझा दुधी? माझे सहा दिवस? सगळे गेले त्या पातेल्यात, आणि वर आली बोटभर जाड तर्री, लाल, चमकणारी, नानांच्या छातीतल्या दोन स्प्रिंगांची वाट बघणारी! रस्सा हलका करणं म्हणजे खायचं काम नाही म्हणतो ते उगाच नाही!

ओरडावं? ओरडलो तर वहिनी ऐकणार, पदर खोचून उठणार, नानांना उपाशीपोटी क्रूझरमध्ये बसवणार, आणि नाना परत त्या भिंतीकडे. नाही ओरडलो तर... नाही ओरडलो तर काय, ते मला म्हणवत नाही. आणि तेवढ्यात नाना वाढायला लागले. पहिल्या वाटीला पळी दोन्ही हातांनी धरली. दुसऱ्या वाटीला एका हातानं. चौथ्या वाटीला माणूस ताठ! कंबर वाकवून, पळी अशी फिरवून, 'मामा, हात काढ... घे, अजून घे...' दोन महिन्यांनी तो आवाज ऐकला मी. माझ्या डोळ्यांपुढे तर्री, आणि शर्टावर डाग एवढा की रुपचंदमामांनी विचारलं, 'प्रेमराज, तुले लागनं का काही?'

नाना बसले. माझ्या शेजारी. वाटी काठोकाठ. भाकरीच्या कडेनं तर्री चिरली. ती मिटली. अशी मिटली, जशी कधी फाटलीच नव्हती! नाना हसले, ओठांतल्या ओठांत. भाकर मोडली, बुडवली, घास उचलला... समोरून वहिनी माझ्याकडे बघतायत, त्यांना दारातून ओटा दिसत नव्हता, वाटतंय ही लाली नुसती दिसायला आहे, सगळं ठरल्याप्रमाणे आहे. बिचारीनं मला डोळ्यांनी शाबासकी दिली हो! आणि ती शाबासकी बघितली आणि माझा हात, माझा हात नव्हताच तो, तो आपोआप पुढे गेला, चमचा नानांच्या वाटीत घातला, वरची तर्री ओढली आणि माझ्या वाटीत!

सगळे बघतायत! अहो, आमच्याकडे कोणाच्या ताटातली भाकर उचला, कांदा उचला, कोणी काही म्हणणार नाही, पण वाटीतली तर्री? भावाच्या? आजारी भावाच्या? रुपचंदमामांचा घास हवेतच, 'अरे! घरम्हा तेल नही का तुन्हा?' सुलक्षणानं डोळे मिटून घेतले. आता एकदा घातलेला चमचा मागे घेता येतो का? मी दुसऱ्यांदा घातला. तिसऱ्यांदा घातला. माझी वाटी ओसंडायला लागली, चादरीवर सांडू नये म्हणून मी ती तोंडाला लावली आणि प्यायलो. कढत! नुसती तर्री! कानातून वाफ निघाली, नाक वाहायला लागलं, डोळ्यांतून धारा, आणि मी परत चमचा घातला, चौथ्यांदा! वाटीच्या कडेकडेनं राहिलेला तवंगसुद्धा निपटून काढला!

नाना घास हातात धरून माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता उठणार. आता ताट सरकवणार. आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं कळ आली! माझा जीव गेला तिथेच! पण कळ कसली, हसत होते हो नाना! हसता हसता ठसका लागला, पाणी प्यायले, आणि सगळ्या पंगतीला म्हणाले, 'धाकला व्हता तवय बी असाच करे! मनी तर्री चोरी खाये!' आणि मग रुपचंदमामा हसले, मग पोरं हसली, आणि त्या हसण्यात नानांनी पहिला घास खाल्ला. मग दुसरा. मी मोजत होतो, थेंब मोजायची सवय ना! दोन भाकरी! दोन! आणि वर वाटी पुसून घेतली. वहिनी पदर तोंडात धरून रडत होत्या आणि रडता रडता जेवत होत्या.

मागे हात धुवायला गेलो तेव्हा नाना माझ्यामागे आले. मी टॉवेल दिला. म्हणाले, 'दुधी ना?' मी नळ बंद केला. 'ब लिखेल व्हतं त्याम्हा. चांगला जमेल शे. आवाजबी चांगला शे.' मी म्हटलं, नाना, कळलं होतं तर ओतलंस कशाला? तुला डॉक्टरनी काय सांगितलंय, वहिनी काय म्हणाल्या असत्या, मी सहा दिवस... नानांनी टॉवेल खांद्यावर टाकला. म्हणाले, 'दोन महिना झायात, प्रेमराज. मनं भांडं न्यारं, मनं ताट न्यारं, मी न्यारा. तुन्हा घर बी न्यारं भांडं दिखनं, मंग मन्हाघाई राहवनं नही.' आणि गेले आत.

मी तिथे नळापाशी उभा राहिलो. खरं सांगतो, लाज वाटली मला. सहा दिवस मी तेल मोजलं, थेंब मोजले, आणि माणूस कशानं उपाशी होता ते मला दिसलंच नाही. आम्हाला वाटलं, रस्सा बेचव आहे म्हणून नाना जेवत नाहीत. अहो, एकटे होते म्हणून जेवत नव्हते!

तर तेव्हापासून ठरलं. वहिनींनी ते वेगळं पातेलं माळ्यावर टाकलं, आता घरात सगळ्यांना एकच रस्सा, दुधीचा, फुटाण्याचा, तेल बेताचं. आणि दर दुसऱ्या रविवारी बठ्ठे माझ्याकडे. रुपचंदमामांच्या तोंडासाठी तेल जरा जास्त पडतं, पण पातेलं एक! नाना वाढतात. त्यांच्या वाटीत सगळ्यांइतकीच तर्री येते, त्यांना ती दिसायला लागते, चिरायला लागते, मिटलेली बघायला लागते. आणि मग हाक येते, 'प्रेमराज! ये रे!' की मी चमचा घेऊन हजर. वहिनी समोरून डोळे लावून, 'अजून एक चमचा काढा, भाऊ. कडेना राहीना.' मी काढतो. काढलेली टाकायची कुठे? अन्न आहे ते. पितो. तीन महिने झाले. नानांचे पाच किलो वाढले, सदरा परत खांद्यावर बसायला लागला, रिपोर्ट असा स्वच्छ की डॉक्टर म्हणाले, 'काय खाऊ घालता हो यांना?'

आणि मागच्या आठवड्यात आमच्या कॉलेजात रक्ततपासणीचं शिबिर होतं. फुकट होतं म्हणून मी हात पुढे केला. काल रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई वाचता वाचता एका आकड्यापाशी थांबल्या, चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं, परत चष्मा लावला. म्हणाल्या, 'तेल बंद. आजपासून. रस्सा हलका करा.' मी म्हटलं, 'मॅडम, रस्सा हलकाच आहे हो! रस्सा हलका करणं म्हणजे खायचं काम नाही, पण केलाय मी. रश्शाचं काही नाही, वरच्या तर्रीचं आहे.' त्या म्हणाल्या, 'मग ती काढून टाका.' काढून टाका! किती सोपं! अहो, पण काढणार कोण? नानांना धाकटा भाऊ आहे. मला कोण आहे? मी शेंडेफळ!